ऑन्टारिओत शिकवायचंय? मग आधी सनद

मुंबई-पुण्याहून कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, म्हणजे टोरांटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनला येणाऱ्या कुटुंबांत शिक्षक पुष्कळ असतात. बरेचदा घरातल्या एकाची नोकरी आधी ठरलेली असते आणि शिक्षक असलेल्या दुसऱ्याचं ‘गेल्यावर बघू’ असतं. हे ‘गेल्यावर बघू’ महागात पडतं, कारण लागणारे निम्मे कागद मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या नाहीतर पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या परीक्षा विभागातून काढायचे असतात. ते मिसिसॉगातल्या बेसमेंटमध्ये बसून काढायचे म्हणजे भावाला, मेव्हण्याला, जुन्या सहकाऱ्याला रोज फोन. म्हणून हा लेख मुख्यतः अजून भारतातच असलेल्यांसाठी आहे. आलेल्यांनाही उपयोग होईल, फक्त त्यांना थोडी जास्त धावपळ करावी लागेल.

आधी हे प्रकरण काय ते समजून घ्या

आपल्याकडे बी.एड. झालं, टीईटी झाली, संस्थेने किंवा पवित्र पोर्टलमार्फत नेमणूक मिळाली की माणूस शिक्षक. वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते, डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, शिक्षकाचं तसं काही नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद बी.एड. कॉलेजांना मान्यता देते, शिक्षकाची किमान पात्रता ठरवते, पण एकेका शिक्षकाला परवाना देत नाही आणि तो काढूनही घेत नाही.

ऑन्टारिओत शिक्षकाला अशी सनद देण्याचं आणि काढून घेण्याचं काम ‘ऑन्टारिओ कॉलेज ऑफ टीचर्स’ करतं. नावात कॉलेज असलं तरी तिथे वर्ग भरत नाहीत. ही नियामक संस्था आहे. 1994 मध्ये शिक्षणावरच्या रॉयल कमिशनने अशा संस्थेची शिफारस केली, 1996 मध्ये कायदा झाला आणि 1997 पासून काम सुरू झालं. त्याआधी प्रमाणपत्रं प्रांताचं शिक्षण खातंच देत असे. आज सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही शाळेत, मग ती पब्लिक बोर्डाची असो की कॅथलिक बोर्डाची (इथे बोर्ड म्हणजे परीक्षा मंडळ नव्हे, शाळा चालवणारी संस्था), शिकवायचं तर या कॉलेजचं सदस्य असावंच लागतं. सदस्याला नावापुढे ‘ओसीटी’ ही अक्षरं लावता येतात.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी डोक्यात पक्की बसवा. हे कॉलेज शिक्षकांची संघटना नाही. कायद्याने त्याला लोकहित जपायला बसवलंय. पगार, बदली, रजा यांसाठी भांडणाऱ्या युनियन वेगळ्या: प्राथमिकची ईटीएफओ, माध्यमिकची ओएसएसटीएफ, इंग्रजी कॅथलिक शाळांची ओईसीटीए, फ्रेंच शाळांची एईएफओ. कॉलेज तुम्हाला नोकरी देत नाही, शोधूनही देत नाही. 2022 पासून त्याच्या कौन्सिलवर 18 जण असतात, निम्मे शिक्षक आणि निम्मे बाहेरचे नागरिक. यावरूनच लक्षात यावं की ही ‘आपली’ संस्था नाही, आपल्यावर नजर ठेवणारी आहे. मला यात गैर काही वाटत नाही, पण ‘मी तर फी भरतो, मग माझी बाजू का घेत नाहीत’ असं म्हणणारे भेटतात, म्हणून सांगितलं.

सनद कुठे लागत नाही तेही सांगतो. खासगी शाळांना सनदधारक शिक्षकच नेमण्याची कायद्याने सक्ती नाही. शनिवारी सकाळी शाळाबोर्डांतर्फे प्राथमिकच्या मुलांसाठी चालणारे आंतरराष्ट्रीय भाषांचे वर्ग घेणाऱ्यांनाही ती लागत नाही. मराठी शिकवण्याची हौस असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण माध्यमिकला क्रेडिट मिळणारा भाषेचा कोर्स असेल तर तिथे सनद लागते. बालवाडीच्या आधीच्या वयाची मुलं सांभाळायची असतील तर तो रस्ताच वेगळा, त्याचं नियामक कॉलेजही वेगळं.

तिकडून निघण्याआधी: कागद

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर.

पदवी आणि बी.एड. या दोन्हींच्या गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती विद्यापीठाकडून थेट कॉलेजला गेलेल्या हव्या असतात. तुमच्याकडच्या लॅमिनेट केलेल्या मार्कशीटची झेरॉक्स, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का, असला प्रकार इथे चालत नाही. विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज करायचा, फी भरायची आणि ती बंद पाकिटातून किंवा विद्यापीठाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून रवाना होईपर्यंत पाठपुरावा करायचा. जाताना प्रत्येक वर्षाच्या मार्कशीटच्या प्रती, पदवी प्रमाणपत्र आणि बैठक क्रमांक जवळ ठेवा. जुन्या बॅचचं रेकॉर्ड शोधायला त्याचाच आधार लागतो.

ट्रान्सक्रिप्टवर विषय आणि गुण असतात, पण बी.एड.मध्ये नक्की काय केलं ते त्यातून कळत नाही. कॉलेजला ते कळायला हवं. कोणत्या इयत्तांना शिकवण्यासाठी तयार केलं, अध्यापन पद्धतीचे विषय कोणते होते, सराव पाठ किती, छात्रसेवाकाल किती आठवड्यांचा, शाळेत देखरेखीखाली प्रत्यक्ष शिकवण्याचे दिवस किती. हे सगळं बी.एड. कॉलेजच्या प्राचार्यांकडून लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या. अर्जाच्या खात्यात यासाठी फॉर्म दिला असेल तर तोच भरून घ्या. ‘विद्यार्थी सुशील व होतकरू आहे’ अशा पत्राचा काही उपयोग नाही, आकडे हवेत. प्राचार्य बदलले असतील, कॉलेज बंद पडलं असेल तर विद्यापीठाच्या संबंधित विभागाला गाठा. पाठांच्या वह्या रद्दीत घालण्याआधी दोनदा विचार करा, दिवस मोजायला त्या कामाला येतात.

आता नावाचं. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर क्रम उलटा. लग्न झालेल्या बाईचं बी.ए. माहेरच्या नावावर, बी.एड. सासरच्या, आणि पासपोर्टात कधी दोन्हींची खिचडी. नंदिनीचं लग्नानंतर नेहा झालेलं असेल तर पाहायलाच नको. इथल्या फाइल तपासणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि नाव रीतसर बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली प्रत, हे आधीच काढून ठेवा. मूळ मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर जोडावं लागतं. घरच्या कुणी केलेलं भाषांतर, ते कितीही चांगलं असलं तरी, चालत नाही.

ज्यांनी आखातात किंवा इतर देशांत परवान्यावर शिकवलंय त्यांना तिथल्या परवाना देणाऱ्या यंत्रणेकडून ‘स्टेटमेंट ऑफ प्रोफेशनल स्टँडिंग’ थेट कॉलेजला पाठवायला सांगावं लागतं. म्हणजे या व्यक्तीचा परवाना स्वच्छ आहे, काही कारवाई चालू नाही, असा ताजा दाखला. महाराष्ट्रात अशी परवाना देणारी परिषदच नाही, त्यामुळे हा कागद कुणाकडे मागायचा म्हणून लोक चक्रावतात. अर्जाच्या खात्यात तुमच्या देशासाठी जी सूचना दिसेल तेवढीच पाळा. मुख्याध्यापकांचं अनुभवपत्र हा दाखला नव्हे. तरी ते आणाच, पुढे नोकरीच्या अर्जाला लागतं.

इमिग्रेशनसाठी केलेलं पदवीचं मूल्यमापन, ते ‘वेस’ या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं असो की आणखी कुणाचं, म्हणजे सनद नव्हे. त्याने तुम्हाला पॉइंट मिळाले, विषय संपला. शिक्षक म्हणून पात्र आहात की नाही हे फक्त कॉलेज ठरवतं. काही पदव्यांसाठी कॉलेजही बाहेरच्या संस्थेचा विषयवार अहवाल मागू शकतं. इमिग्रेशनचा साधा अहवाल त्यासाठी पुरेलच असं धरून चालू नका.

अर्ज

अर्ज ऑनलाइन आहे आणि कॅनडात येण्याआधीही सुरू करता येतो. कॉलेजच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, फी भरायची, की तुमच्या नावाची कागदांची यादी दिसू लागते. कोणता कागद पोचला, कोणता राहिला ते त्याच यादीत कळतं. एजंटची गरज नाही. या कामासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो तुम्हाला स्वतःला दिसणारी यादीच वाचून दाखवणार आहे.

अर्जात एक प्रश्न नीट समजून भरावा लागतो: तुम्ही कोणत्या गटाचे शिक्षक? इथे सलग दोन गट मिळून पात्रता दिली जाते. प्रायमरी-ज्युनिअर म्हणजे बालवर्ग ते सहावी. ज्युनिअर-इंटरमीजिएट म्हणजे चौथी ते दहावी, आणि एक अध्यापन विषय. इंटरमीजिएट-सीनिअर म्हणजे सातवी ते बारावी, आणि दोन अध्यापन विषय. आपली बी.एड. साधारण पाचवी-सहावीच्या पुढची समजली जाते, म्हणून आपले लोक बहुधा वरच्या दोन गटांत येतात. अध्यापन विषयासाठी नुसती बी.एड.मधली पद्धत पुरत नाही, पदवीला तो विषय पुरेसा असावा लागतो. बी.कॉम. करून बी.एड.ला इतिहास घेतलेल्यांची इथे पंचाईत होते.

डी.एड.वाल्यांनी एक लक्षात घ्या, सामान्य विषयांच्या शिक्षकाला पदवी अनिवार्य आहे. बारावी, डी.एड. आणि वीस वर्षांची जिल्हा परिषदेतली सेवा एवढ्यावर अर्ज पुढे सरकत नाही. तुमच्या सेवेची किंमत नाही असं नव्हे, पण नियमाला पदवीच दिसते.

कॉलेज काय तपासतं

किमान तीन वर्षांची मान्य पदवी आणि विद्यापीठ पातळीवरचं शिक्षक प्रशिक्षण, हा गाभा. इथल्या शिक्षक प्रशिक्षणाचे सप्टेंबर 2015 पासून दोनाचे चार सत्र झाले आणि शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाचे किमान 80 दिवस झाले. योगायोग असा की आपल्याकडेही बी.एड. त्याच वर्षी एकाचं दोन वर्षांचं झालं. म्हणून 2015 नंतर भरती झालेल्यांची वाट जरा सोपी आहे. त्याआधीच्या एक वर्षाच्या बी.एड.चा अर्ज आपोआप बाद होत नाही. कॉलेज अभ्यासक्रमात काय होतं ते बघतं आणि कमी पडेल ते सांगतं. कधी ती कमी सनदेवर अट म्हणून लिहून येते. म्हणजे तुम्ही शिकवू शकता, पण ठरलेल्या मुदतीत अमुक कोर्स पूर्ण करायचे. अटीची सनद मिळाली म्हणून रडणारे पाहिलेत. रडू नका, ती सनदच आहे.

भाषेचा पुरावा. बी.एड. इंग्रजी माध्यमातून झालं असेल तर विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या पत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. मराठी माध्यमातून झालं असेल तर चाचणी द्यावी लागते. आयईएलटीएस ॲकॅडमिक दिलीत तर एकूण 7 बँड हवा, बोलण्यात आणि लिहिण्यात प्रत्येकी 7, ऐकण्यात आणि वाचण्यात किमान 6.5. इमिग्रेशनसाठी दिलेली परीक्षा इथे चालते का, ते दुसऱ्या परीक्षेचे पैसे भरण्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावर पाहा.

पोलीस तपासणी कॅनडातली हवी आणि सहा महिन्यांच्या आतली. फार लवकर काढून ठेवलीत तर बाकीची फाइल पूर्ण होईपर्यंत ती शिळी होते. ही शेवटी करा. पुढे शाळाबोर्ड नेमणुकीच्या वेळी आणखी कडक तपासणी मागेल, ती निराळी.

लैंगिक शोषण प्रतिबंधाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सगळ्यांना सक्तीचा आहे. जुन्या सदस्यांनाही तो पूर्ण करायला लावला होता. क्लिक करत पुढे जाऊ नका, नीट बघा. आपल्याकडच्या स्टाफरूममध्ये या विषयावर इतकं उघड बोललं जात नाही.

आणि गणिताची परीक्षा. तुम्ही चित्रकला शिकवा नाहीतर इतिहास, ही सगळ्यांना आहे. हिचा इतिहास गमतीचा आहे. वेगवेगळ्या वांशिक गटांच्या निकालांत तफावत दिसते या कारणावरून डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, नोव्हेंबर 2023 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि फेब्रुवारी 2025 पासून ती पुन्हा लागू झाली. दोन भाग असतात: शाळेतलं गणित आणि गणित कसं शिकवायचं ते. दोन्हींत वेगवेगळे 70 टक्के हवेत. आपल्या लोकांना पहिल्या भागाची धास्ती असते, पण मला दुसरा भाग जास्त अवघड वाटतो. तिथे ऑन्टारिओचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची इथली पद्धत माहीत असावी लागते. अभ्यासक्रम सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, तो आधी वाचा.

कॅनडाच्या दुसऱ्या प्रांताची सनद आधीच असेल तर यातलं बरंच काही टळतं, कारण प्रांताप्रांतांत एकमेकांच्या सनदा मानण्याचा करार आहे. आणि कॉलेजने नकार दिला किंवा घातलेली अट चुकीची वाटली तर नोंदणी अपील समितीकडे जाता येतं. मुदत पत्रातच लिहिलेली असते, ती चुकवू नका.

सनद हातात आल्यावर

तुमचं नाव सार्वजनिक नोंदवहीत चढतं. कुणीही पालक संकेतस्थळावर तुमचं नाव टाकून पदवी, पात्रता, सनद चालू आहे की निलंबित, काही अट किंवा शिस्तभंगाचा निकाल आहे का, हे पाहू शकतो. वर्गशिक्षिकेचं नाव पालकांनी असं तपासणं इथे अपमानाचं मानत नाहीत.

वार्षिक फी साधारण 200 डॉलरच्या घरात असते. ती वेळेवर भरली नाही की सदस्यत्व निलंबित होतं, तेही नोंदवहीत दिसतं आणि निलंबित माणसाला वर्गावर उभं करता येत नाही. आयकरात ही फी वजा दाखवता येते, पावती जपा. पत्ता आणि ईमेल बदलला की कळवायचा. भाड्याची घरं बदलत राहणाऱ्या नव्या माणसाची चूक नेमकी इथे होते: स्मरणपत्र जुन्या पत्त्यावर जातं.

पुढे ‘ॲडिशनल क्वालिफिकेशन’चे कोर्स करून नवा गट, नवा विषय, विशेष शिक्षण किंवा दुसरी भाषा म्हणून इंग्रजी अशी भर घालता येते आणि ती सनदेवर चढते. फ्रेंच येत असेल तर ती आधी दाखवा, फ्रेंच शिकवणाऱ्यांची टंचाई आहे. पगाराची श्रेणी मात्र कॉलेज ठरवत नाही. ए-1 ते ए-4 अशा श्रेणी असतात. त्या ठरवायला माध्यमिकच्या ओएसएसटीएफचं स्वतःचं प्रमाणन खातं आहे, बाकीच्या युनियनच्या शिक्षकांसाठी क्यूईसीओ नावाची संस्था आहे. म्हणजे तेच ट्रान्सक्रिप्ट पुन्हा एकदा, दुसऱ्या पत्त्यावर. म्हणून विद्यापीठातून सुरुवातीलाच दोन-तीन जादा सीलबंद संच घेऊन ठेवा.

सनद जाते कशी

हा भाग नवे लोक वाचतच नाहीत. कॉलेजच्या नैतिक मूल्यांत चार शब्द आहेत: आस्था, आदर, विश्वास, सचोटी. भिंतीवर लावायला छान. दात आहेत ते व्यावसायिक गैरवर्तनाच्या नियमावलीला, 1997 च्या 437 क्रमांकाच्या विनियमाला. विद्यार्थ्याला शारीरिक, शाब्दिक, मानसिक त्रास, लैंगिक गैरवर्तन, विद्यार्थ्याची माहिती परक्याला देणं, खोट्या कागदावर सही, हितसंबंधांचा गोंधळ, सगळं त्यात आहे. वर्गातल्या मुलाच्या पाठीत धपाटा, कान पिरगाळणं, ‘ढ’ म्हणणं, यातलं काहीही तक्रारीचा विषय होऊ शकतं. स्वतःच्याच वर्गातल्या मुलांची पैसे घेऊन शिकवणी हा हितसंबंधांचा प्रश्न होतो. बोर्डाचे नियम विचारल्याशिवाय त्यात पडू नका.

व्हॉट्सॲपचं उदाहरण घ्या. तिकडे दहावी-ब चा ग्रुप, त्यात सर, मुलं, रात्री अकराला ‘उद्या वही आणा’, आणि पहाटे गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल. इथे विद्यार्थ्याला खासगी नंबर देणं, सोशल मीडियावर मैत्री करणं, अवेळी खासगी निरोप पाठवणं टाळा असं कॉलेजची सूचना सांगते. संपर्क बोर्डाने दिलेल्या खात्यावरून, शाळेच्या कामापुरता. हेतू चांगला होता हे चौकशीत सांगता येईल, पण चौकशी व्हायचीच.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. मुलाचा छळ होतोय, त्याची आबाळ होतेय अशी वाजवी शंका आली तर बालकल्याण संस्थेला कळवणं शिक्षकावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी वैयक्तिक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे झालं, असं नाही. फोन स्वतः करायचा. शंका पुरेशी आहे, पुरावा शोधणं तुमचं काम नाही. ‘घरचं भांडण आहे, आपण कशाला पडा’ ही सवय इथे सनदेवर बेतू शकते.

तक्रार कुणीही करू शकतं: पालक, सहकारी, बोर्ड. गैरवर्तनामुळे शिक्षकाला काढलं किंवा त्याच्या कामावर बंधनं घातली तर बोर्डाला ते कॉलेजला कळवावंच लागतं. तक्रार चौकशी समितीकडे जाते. ती फेटाळू शकते, समज देऊ शकते किंवा शिस्त समितीकडे पाठवू शकते. शिस्त समितीची सुनावणी सर्वसाधारणपणे उघड असते, निकाल नावासह प्रसिद्ध होतो. शिक्षा ताकीद, अटी, 24 महिन्यांपर्यंत निलंबन, 5,000 डॉलरपर्यंत दंड ते सनद रद्द अशी चढत जाते. लैंगिक शोषण सिद्ध झालं तर रद्द करण्यावाचून समितीला पर्याय नाही. आजारपणामुळे किंवा व्यसनामुळे काम झेपत नसेल तर प्रकरण वेगळ्या समितीकडे जातं, तिथे उपचाराचा विचार होतो. कॉलेजचं पत्र आलं तर घाबरून लगेच लांबलचक खुलासा लिहू नका. त्याच दिवशी युनियनला फोन करा, उत्तर त्यांच्या सल्ल्याने मुदतीत द्या. पत्राला उत्तरच न देणं हाही गुन्हा धरला जातो.

आणि नोकरी

ती बोर्ड देतं. ऑन्टारिओत अशी 72 सरकारी अनुदानित शाळाबोर्डं आहेत. बहुतेकांची सुरुवात ‘ऑकेजनल टीचर’च्या यादीत नाव लागण्यापासून होते, म्हणजे रजेवर गेलेल्याच्या जागी रोजंदारीवर. सकाळी लवकर बोलावणं येतं आणि तासाभरात अनोळखी शाळेत पोचायचं असतं, गाडी नसेल तर ज्या बोर्डाच्या शाळा बसच्या रस्त्यावर आहेत तिथे आधी अर्ज करा. सनद यायला वेळ लागणार असेल तर तोवर शाळेत ‘लंच सुपरवायझर’ किंवा सहायकाचं काम मिळतं का पाहा. त्यासाठी ओसीटी लागत नाही आणि मुख्याध्यापकांची ओळख होते. अर्जात इथल्या माणसांची शिफारस मागतात, तेव्हा ती कामी येते.